मांडवाखालच्या ओळखी

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सतरा लहान डायऱ्या आहेत. द्राक्षबागेचा जमाखर्च, फवारण्यांच्या नोंदी, मजुरीचे हिशेब हे सगळे वेगळ्या वह्यांत असते. या डायऱ्यांत फक्त माणसे आहेत. एका पानावरची नोंद अशी आहे : "नान्नजच्या अलीकडे, चुनखडीची जमीन, विहिरीचे पाणी मचूळ, डॉगरिज खुंट, अडीच एकर सोनाका, गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दर हंगामात पाने कडेने करपत. ताग गाडून आणि शेणखत वाढवून तिसऱ्या वर्षी फरक पडला." (डॉगरिज हा ज्यावर कलम बांधतात तो खुंट, सोनाका ही द्राक्षाची जात.) त्याखाली त्या गृहस्थांचे नाव आणि फोन नंबर, आणि सर्वांत शेवटी भेटीची जागा : "पुणे, अधिवेशन, जेवणाच्या रांगेत."

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार आहे. तीन एकर बाग आहे, त्यात दोन एकर सुपर सोनाका आणि एक एकर थॉमसन या जाती. 2006 साली वडिलांनी बाग माझ्या हाती सोपवली आणि तेव्हापासून, एक-दोन वर्षे सोडली तर, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या पुण्यातील वार्षिक अधिवेशनाला मी जात आलो आहे. अधिवेशन पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास असते आणि त्यामागे बागेचेच गणित आहे. एप्रिलमधली खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठीची छाटणी, होऊन गेलेली असते, काडी पिकत असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, अजून वेळ असतो. वर्षभरात बागायतदाराला दोन-तीन दिवस घराबाहेर पडता येईल असा काळ हाच. संघाचे नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे असे चार विभाग आहेत. म्हणजे चार प्रकारच्या जमिनी, चार प्रकारचे पाणी आणि चार प्रकारच्या बाजारपेठा ओळखणारी माणसे तेवढ्या दिवसांत एका छताखाली येतात.

व्यासपीठावर शास्त्रज्ञ बोलतात, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील तज्ज्ञ प्रश्नांना उत्तरे देतात. त्यांच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि त्यांची भाषणे मी चुकवत नाही. मात्र आज मला जे सांगायचे आहे ते सभागृहाच्या दाराबाहेर, चहाच्या टेबलाशी, प्रदर्शनातल्या दोन स्टॉलमधल्या मोकळ्या जागेत आणि रात्री निवासाच्या खोलीत घडते. ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले नसते, आणि तरीही माझ्या बागेत गेल्या पंधरा वर्षांत जे बदल टिकले त्यांपैकी बहुतेक तिथूनच आले.

पहिली चार वर्षे मी अधिवेशनाला चुकीच्या पद्धतीने गेलो, हे आधी कबूल करतो. गावातल्या चौघांबरोबर जीपने निघायचे, त्यांच्याबरोबरच बसायचे, त्यांच्याबरोबरच जेवायचे, भाषणात सांगितलेले फवारणीचे वेळापत्रक उतरवून घ्यायचे, पिशवीभर माहितीपत्रके गोळा करायची आणि शेवटच्या दिवशी दुपारीच परतीची वाट धरायची. ज्यांना मी रोज पारावर भेटतो त्यांनाच भेटायला अडीचशे किलोमीटर जाण्याचा तो प्रकार होता. वही भरून येत असे, पण बागेत काही बदलत नसे.

2010 साली हे बदलले. त्याच्या आदल्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे 2009 च्या नोव्हेंबरमध्ये, फयान वादळाचा पाऊस झाला होता आणि राज्यातल्या द्राक्षपट्ट्यात ऐन फुलोऱ्यातल्या बागा डाऊनीने, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाने, बसल्या होत्या. माझ्या बागेतही घड पांढरे पडले आणि बघता बघता काळे होऊन गळाले. फवारणीची औषधे माझ्याजवळ होती. कोणते औषध कधी मारायचे तेही मला ठाऊक होते. तरीही बाग गेली, आणि का गेली याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नव्हते. पुण्यात जेवणाच्या वेळी गावचे लोक दुसऱ्या टेबलावर बसले आणि मला निफाडकडच्या एका वयस्क बागायतदारांच्या शेजारी जागा मिळाली. सगळे त्यांना नाना म्हणत होते. मी माझ्या बागेविषयी सांगितले तेव्हा त्यांनी औषधाचे नावही विचारले नाही. त्यांनी विचारले, "पाऊस उघडल्यावर ट्रॅक्टर आत कधी गेला?"

तिसऱ्या दिवशी, असे मी सांगितले. काळी जमीन, ओळींत गुडघाभर चिखल, ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, घेऊन ट्रॅक्टर रुतत होता. नाना म्हणाले, त्यांचेही तेच झाले होते. दोन दिवस औषध शेडमध्ये आणि ट्रॅक्टर बांधावर. मग त्यांनी त्या उन्हाळ्यात काय केले ते ताटातल्या भाताने रेघा ओढून दाखवले. दर चार ओळींआड एका ओळीत मुरूम टाकून वाट पक्की केली, बागेच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नळीने फवारता येईल असा पंप बांधावर बसवला, आणि अगदीच आत जाता आले नाही तर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी करण्यासाठी पाठीवरचे यंत्र तयार ठेवले. "औषध सगळ्यांकडं असतं, तासगावकर," ते म्हणाले, "बागेत शिरायची वाट नसते." त्या वर्षी अधिवेशनात डाऊनीवर बरेच बोलले गेले आणि ते सगळे बरोबर होते. पण ओल्या बागेत माणूस आणि यंत्र शिरणार कसे, हा प्रश्न भाषणात येत नाही, कारण तो शास्त्राचा प्रश्न नाही. तो ज्याची बाग गेली त्याचा प्रश्न आहे. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिवसच्या दिवस पाऊस लागला तेव्हा माझी निम्मी बाग वाचली ती नानांचे ऐकून केलेल्या मुरमाच्या वाटांमुळे.

त्याच 2010 च्या हंगामात आणखी एक मोठे संकट आले होते. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारांचेही कंबरडे मोडले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक आमच्याकडे सीसीसी म्हणून ओळखले जाते. आमच्याच ओळखीतल्या एकाचा माल त्यात सापडला होता. संकटानंतर काही महिने कुणीच या विषयावर मोकळेपणाने बोलत नव्हते. "आम्ही नाही वापरले" हे ठरलेले उत्तर होते आणि त्यामुळे कुणी, किती, कधी वापरल्यावर अंश उरतो हे कळायला मार्गच नव्हता. त्या रात्री पुण्यात एका खोलीत आम्ही सात-आठ जण बसलो होतो, चार वेगवेगळ्या तालुक्यांतले. पंढरपूरकडच्या एकाने आधी सांगितले की मी वापरले होते, इतक्या मिलिलीटरने, अमुक दिवशी. मग दुसऱ्याने सांगितले. मग मीही सांगितले. त्या खोलीत एक तासात जे तक्त्यासारखे स्पष्ट झाले ते कोणत्याही अर्जाच्या रकान्यात कधी भरले गेले नसते. सीसीसीची एप्रिल-मेमध्ये फवारणी केली तरी ते वेलीत साठून पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरू शकते, हे वाक्य मी आधी ऐकले नव्हते असे नाही; पण ते स्वतःच्या बागेचे आकडे सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर मी ती बाटली घरातून काढून टाकली.

यात माझ्या मते सगळे मर्म आहे. यशाची गोष्ट माणूस कुठेही सांगतो. ती फोटोसह मोबाइलच्या गटावर टाकतो, मासिकात छापून आणतो, व्यासपीठावर हार घालून घेतल्यानंतर सांगतो. अपयशाची गोष्ट मात्र तो फक्त समोर बसलेल्या माणसाला सांगतो, तीही समोरच्याने आपले काही गमावल्याचे आधी सांगितले असेल तर. आणि शेतीत, विशेषतः द्राक्षात, जिथे एका एकरावर लाखो रुपये आधी घालावे लागतात आणि एका रात्रीच्या पावसाने ते वाहून जाऊ शकतात, तिथे शिकण्यासारखे जे असते ते बहुतेक अपयशातच असते. मोबाइलवर येणारे फवारणीचे वेळापत्रक ज्याची बाग साधली त्याचे असते. त्याच वेळापत्रकाने ज्या दहा बागा साधल्या नाहीत त्यांचा त्यात पत्ता नसतो.

आमच्या भागाला ही गोष्ट नवीन वाटू नये, कारण आमची द्राक्षशेतीच अशा गाठीभेटींतून उभी राहिली. गणित शिकवणारे श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा केला तेव्हा तासगावच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बागेत जाऊन, पाने मोजून, वेलीची वाढ डोळ्यांनी पाहून आणि ती एकमेकांना सांगून द्राक्ष शिकले. वडील सांगत की त्या काळी कुणाच्या बागेत काही वेगळे दिसले की दुसऱ्या दिवशी बांधावर सायकली लागत. आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून वेगळी वेल हेरली आणि तिची तास-ए-गणेश ही जात झाली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची सोनाका शोधली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन नावांची पहिली अक्षरे तिच्या नावात आहेत. या जाती शेतकऱ्यांनी शोधल्या आणि शेतकऱ्यांनीच पसरवल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काड्यांची जुडी एसटीच्या टपावरून एका गावाहून दुसऱ्या गावाला जात असे, आणि जुडीबरोबर देणारा माणूस हेही सांगत असे की हिला कोणती जमीन मानवते आणि कोणती नाही. काडी आजही मिळते, तिला रोपवाटिका आहेत. तिच्याबरोबर येणारे ते बोलणे मात्र रोपवाटिकेच्या पावतीबरोबर येत नाही.

अधिवेशनाचा आणखी एक उपयोग आहे, जो मला बराच उशिरा कळला. सटाणा, कळवण, देवळा या भागातले बागायतदार अर्ली छाटणी घेतात. आमची गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये, तर त्यांची त्याआधीच दोन-तीन महिने उरकलेली असते. म्हणजे ऑगस्टमध्ये पुण्यात भेटलेला सटाण्याचा माणूस माझ्या पुढच्या हंगामातून आधीच चालत असतो. या वर्षी काडीवर घड किती निघाले, फूट एकसारखी आली की मागेपुढे झाली, डाऊनीचे पहिले डाग कोणत्या पानावर दिसले, कोणत्या औषधाने पूर्वीसारखे काम केले नाही, हे सगळे त्याला माझ्या आधी कळलेले असते. त्याच्या भागातले हवामान वेगळे, ही गोष्ट खरी. पण वाऱ्याची दिशा ओळखायला ते पुरते. माझ्या डायऱ्यांत सटाण्याकडची पाच पाने आहेत आणि सप्टेंबर लागला की मी त्या पाचही जणांना फोन करतो. ते मला खरे सांगतात, कारण मी त्यांच्या बागेत जाऊन आलेलो आहे आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांचा माल बाजारात असतो तेव्हा आमच्याकडच्या बाजाराची खबर मी त्यांना न मागता देतो.

व्यापाऱ्याच्या बाबतीत तर ओळख ही विम्यासारखी आहे. 2013 साली बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका व्यापाऱ्याने माझी बाग घेतली. 4 किलोच्या पेटीला 160 रुपये असा सौदा ठरला. पहिल्या दोन खुड्यांचे (तोडणीच्या फेऱ्यांचे) पैसे त्याने रोख दिले, घरी जेवायला आला, आईच्या पाया पडला. शेवटच्या खुड्याच्या 640 पेट्यांसाठी त्याने धनादेश दिला. धनादेश परत आला तेव्हा त्याचा फोन बंद होता आणि भाड्याची खोली रिकामी होती. 1,02,400 रुपये गेले. ज्यांच्याकडे दहा-पंधरा एकर बाग आहे त्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात त्या वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलावे लागले. पोलिसांत तक्रार दिली. काही हाती लागले नाही.

त्या ऑगस्टमध्ये पुण्यात मी ही हकिगत निफाडच्या नानांना सांगितली. त्यांनी व्यापाऱ्याचे वर्णन विचारले, गाडीचा रंग विचारला, बरोबरचा पोरगा कसा होता ते विचारले, आणि मग जवळच्या टेबलावरून दिंडोरीच्या एकाला बोलावले. त्या माणसाला त्याच व्यापाऱ्याने त्याच्या दोन वर्षे आधी, वेगळ्या नावाने, अगदी याच रीतीने फसवले होते : आधी दोन खुडे रोख, घरी जेवण, मग धनादेश. आम्ही दोघे थोडा वेळ काहीच बोललो नाही. ही माहिती आमच्या दोघांच्या गावांमध्ये दोन वर्षे पडून होती, आणि आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो एवढ्याच कारणाने ती माझ्या उपयोगी पडली नाही. तेव्हापासून नवा व्यापारी बागेत आला की मी दर ठरवण्याआधी तीन फोन करतो : एक निफाडला, एक नारायणगावला, एक पंढरपूरकडे. "माणूस चांगला आहे" असे उत्तर आले तर ठीकच. "रोखीशिवाय देऊ नका" एवढेच आले तरी पुरते. कुणी म्हणेल की हे गटावर विचारता येते. येत नाही. दोनशे माणसांच्या गटावर कुणीही व्यापाऱ्याचे नाव घेऊन असे लिहिणार नाही, कारण उद्या त्याच व्यापाऱ्याशी किंवा त्याच्या भावाशी त्याला व्यवहार करायचा असतो. फोनवर तो सांगतो ते मला. आणि मला सांगतो, कारण त्याने माझा चेहरा पाहिलेला आहे, माझ्या हातचा चहा घेतलेला आहे.

2020 मध्ये याची परीक्षाच झाली. मार्चमध्ये ऐन खुड्यात टाळेबंदी लागली, बाजार समित्या बंद पडल्या, मजूर गावी अडकले. वेलीवर उभ्या असलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक घरात होता आणि अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांचा बेदाणा केला. आमच्याकडे शेड आहेत, बेदाण्याची सवय आहे. ज्या भागात ती नव्हती तिथून मला त्या पंधरा दिवसांत रोज फोन येत होते. द्रावणात किती वेळ बुडवायचे, रॅकवर थर किती पातळ ठेवायचा, कोणत्या मापाचे पोटॅशियम कार्बोनेट, रात्री जाळी झाकायची की नाही. फोन करणारे सगळे डायरीतलेच होते. त्यानंतर चर्चासत्रे मोबाइलवर आली. मी त्यांतली बरीच ऐकली, घरबसल्या मोठमोठ्या तज्ज्ञांना ऐकता आले, प्रवासखर्च वाचला, आणि ज्यांना एरवी पुण्याला जाणे परवडत नाही अशा लहान बागायतदारांना त्याचा खरा लाभ झाला, हे मी मनापासून मान्य करतो. पण त्या वर्षातली डायरी माझ्याकडे नाही. चर्चासत्र संपले की पडदा काळा होत असे, आणि शेजारच्या खुर्चीवर कुणी नसे. जुन्या ओळखी फोनवर टिकल्या, कामालाही आल्या. नवी मात्र एकही झाली नाही.

एक उणीव मात्र मोकळेपणाने मांडली पाहिजे. या अधिवेशनांत बायका फार कमी दिसतात. बागेतले सर्वांत नाजूक काम, म्हणजे फेलफूट (नको असलेली फूट) काढणे, घड निवडणे, विरळणी (दाट घड मोकळा करणे) आणि संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणे, हे बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातचे आहे. आमच्या बागेत मजुरांच्या टोळ्या सांभाळण्याचे सगळे काम पत्नी करते, तरीही बारा वर्षे तिला पुण्याला न्यावे असे माझ्या मनात आले नव्हते. याची मला आज खंत वाटते. 2018 साली ती आली. पहिल्या दिवशी ती सभागृहात शेवटच्या रांगेत बसून होती. दुसऱ्या दिवशी तिला दिंडोरीकडच्या दोघी जणी भेटल्या, ज्या निर्यातीच्या बागेत विरळणीचे काम स्वतः उभे राहून करून घेतात. संध्याकाळी मी शोधत गेलो तेव्हा तिघी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्यापैकी एक ओढणीच्या टोकाला गाठी मारून घड समजावत होती : वरच्या एवढ्या पाकळ्या (घडाच्या उपफांद्या) ठेवायच्या, मधली एक काढायची, खाली शेंडा मारायचा, म्हणजे कात्री घेऊन एकेक मणी काढत बसण्याची वेळ कमी येते आणि घड सुटसुटीत राहतो. ही पद्धत मी भाषणात ऐकली होती. पण टोळीतल्या नव्या बाईला ती अर्ध्या तासात कशी शिकवायची, दिवसाला एका बाईकडून किती वेली होणे रास्त आहे आणि घाई केली तर कोणती चूक होते, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. त्या हंगामात आमची विरळणी नेहमीपेक्षा चार दिवस आधी उरकली. आता ऑगस्ट लागला की पुण्याची तयारी तीच आधी काढते.

पुण्याला जाऊन रिकाम्या हाताने परतणारे बरेच जण मी पाहतो. ती माझी पहिली चार वर्षे त्यांना भोगावी लागू नयेत असे वाटते, म्हणून माझी रीत सांगतो. मी गावच्या लोकांबरोबर प्रवास करतो, पण जेवत नाही; ते आता समजून घेतात. कोणत्याही विक्रेत्याच्या खर्चाने मी जात नाही, कारण त्याच्या गाडीतून गेले की दिवसभर त्याच्याच माणसांत राहावे लागते. मुक्काम करतो, कारण खरे बोलणे रात्री नऊनंतर होते. कुणाशी ओळख झाली की फोन नंबर सर्वांत शेवटी घेतो. आधी जमीन, पाणी, खुंट, जात, छाटणीची तारीख आणि गेल्या वर्षी काय बिघडले ते विचारतो, आणि विचारण्याआधी आपले काय बिघडले ते सांगतो. वर्षभरात त्यांच्यापैकी निदान दोघांच्या बागेत जाऊन येतो. सांगितलेला उपाय करून पाहिला की त्याचा निकाल, चांगला असो की वाईट, फोन करून कळवतो. शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. सल्ला घेऊन माणूस गप्प बसला की पुढच्या वर्षी सल्ला देणाराही हात राखून बोलतो.

2025 च्या मे महिन्यात पाऊस इतका झाला की खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होण्याचे जे दिवस, साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसापर्यंतचे, ते आमच्या भागात ढगांतच गेले. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात जो भेटेल त्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता : काडीत घड आहे का? प्रदर्शनाच्या दाराशी सटाण्याकडचे एक दादा भेटले. माझ्या डायरीत 2016 पासून आहेत. त्यांनी शर्टाच्या खिशातून करंगळीएवढ्या काडीचे तीन तुकडे काढले, ब्लेडने एका डोळ्याचा, म्हणजे जिथून फूट येते त्या कळीचा, आडवा काप घेतला आणि भिंग माझ्या हातात दिले. आत मधला मुख्य डोळा काळा, म्हणजे मेलेला होता, बाजूचे दोन हिरवे. दुसरा तुकडाही तसाच. तिसऱ्यात मधला डोळा हिरवागार. "पहिले दोन दाटीतले," ते म्हणाले, "तिसरा कडेच्या ओळीतला, जिथं ऊन लागलं." त्यांच्या अर्ली छाटणीला घड कमी निघाले होते आणि ते दाटीच्या ओळींतच कमी होते. त्यांनी मला सांगितले की सगळ्या बागेचा एक नमुना काढून तपासायला देऊ नका. ओळीओळीचा वेगळा द्या, आणि दाटीतल्या काडीवर छाटणी एक-दोन डोळे पुढे घेता येते का ते पाहा.

मी तसे केले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते मुलासह आमच्याकडे आले, पहाटे पोचले, चहा घेऊन थेट बागेत गेलो. मांडवाखाली पोते अंथरून बसलो आणि तिघांनी मिळून साठ डोळे कापले. पत्नीने ओळीचा क्रमांक लिहून तुकडे वेगवेगळ्या कागदांवर मांडले. दुपारी निघताना दादांनी पिशवीतून एक डायरी काढली, निळ्या पुठ्ठ्याची, माझ्यापेक्षा मोठी, आणि नवे पान उघडून लिहायला घेतले. मी शेजारी उभा होतो म्हणून दिसले : "तासगाव तालुका, काळी जमीन, दर चौथ्या ओळीत मुरूम, दोन एकर सुपर सोनाका, 60 पैकी 38 डोळे चांगले, विरळणी घरच्या बाईंच्या देखरेखीत, त्यांना विचारणे." मग पेन थांबवून त्यांनी आमच्या विहिरीच्या पाण्याचा क्षार किती ते विचारले. मला नक्की आकडा आठवेना. ते म्हणाले, तपासा आणि कळवा, मी जागा मोकळी ठेवतो.